बरगडीतील दुखणे : केव्हा थांबावे, केव्हा दवाखाना गाठावा



सुगीच्या दिवसांत एक वाक्य घरोघरी ऐकू येते : “बरगडीत जरा भरलंय, जाईल दोन दिवसांत.” पुष्कळदा ते खरेच दोन दिवसांत जाते. पोती उचलताना उसण भरलेली असते, शेक आणि विश्रांती मिळाली की माणूस पुन्हा कामाला लागतो. पण हेच वाक्य बोलून एखादा माणूस हृदयविकाराचा झटका अंगावर काढतो, एखादा क्षयाची सुरुवात अंगावर काढतो आणि एखादा झाडावरून पडल्यावर पोटात रक्तस्राव होत असताना गोठ्यात वैरण घालीत राहतो. दुखणे एकाच जागी असते, पण त्याची कारणे अनेक असतात. म्हणून या महिन्याच्या आरोग्य-पाठात बरगडीचे दुखणे म्हणजे नेमके काय, ते कसे ओळखावे आणि कोणत्या खुणा दिसताच हातातले काम टाकून डॉक्टरकडे जावे, हे क्रमाने पाहू. हा पाठ डॉक्टरची जागा घेण्यासाठी नाही. डॉक्टरकडे वेळेवर पोहोचावे एवढ्यासाठी आहे.

१. बरगड्यांचा पिंजरा

माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या, म्हणजे एकूण २४ बरगड्या असतात. वरच्या ७ जोड्या मऊ कूर्चेच्या साहाय्याने थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात. त्यानंतरच्या ३ जोड्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकतात. शेवटच्या २ जोड्या पुढे कशालाच जोडलेल्या नसतात, त्या मोकळ्या असतात. मागील बाजूस सगळ्याच बरगड्या पाठीच्या मणक्यांना जोडलेल्या आहेत.

येथे एक जुना समज दूर केला पाहिजे. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाच्या फासळीची कथा आहे, तेव्हा पुरुषाला बाईपेक्षा एक फासळी कमी असते असे आपल्यातले पुष्कळजण मानतात. तसे नाही. स्त्री आणि पुरुष दोघांनाही सारख्याच बरगड्या असतात. वेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे स्पष्ट केले आहे. पवित्र शास्त्रातील ती कथा स्त्री-पुरुषांच्या नात्याविषयी शिकवते, हाडे मोजायला नव्हे.

दोन बरगड्यांच्या मधल्या जागेत स्नायूंचे थर असतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते आणि तिच्यातून रक्तवाहिन्या व एक मज्जातंतू पाठीकडून पुढे पोटाकडे येतो. हा मज्जातंतू दुखावला तर कळ पाठीतून निघून पट्ट्यासारखी पुढे येते. श्वास घेताना हा सारा पिंजरा वर उचलला जातो आणि सोडताना खाली बसतो. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. म्हणजे बरगडीला रात्रीसुद्धा सुट्टी नसते. हात मोडला तर तो गळ्यात बांधून स्वस्थ ठेवता येतो, बरगडी तशी ठेवता येत नाही. त्यामुळे तिचे साधे दुखणेही बरे व्हायला वेळ लागतो.

या पिंजऱ्याच्या आत काय आहे तेही ध्यानात ठेवावे. दोन्ही बाजूंना फुप्फुसे, मध्ये किंचित डावीकडे हृदय, उजवीकडे खालच्या बरगड्यांआड यकृत व पित्ताशय, डावीकडे खाली जठर व पांथरी म्हणजे प्लीहा, आणि मागे शेवटच्या बरगड्यांजवळ दोन मूत्रपिंडे. तेव्हा बरगडी दुखते असे म्हणताना दोन शक्यता असतात. दुखणे भिंतीचे असेल किंवा भिंतीआडच्या खोलीतले असेल. पुढचा सारा पाठ याच भेदावर उभा आहे.

२. भिंतीचे दुखणे

शेतकऱ्याच्या बरगडीचे सर्वांत नेहमीचे दुखणे म्हणजे स्नायू ताणला जाणे. भाताची पोती ट्रॉलीत चढवणे, उसाची मोळी डोक्यावर घेऊन वळणे, दिवसभर कुदळ मारणे, लाकडे फोडणे, बऱ्याच दिवसांनी एकदम फवारणीचा पंप पाठीवर घेणे, अशा कामांनंतर हे होते. खोकल्याची जुनी ढास असली तरी तेच होते. लक्षणे अशी असतात : दुखरी जागा बोटाने दाखवता येते, दाबल्यावर दुखते, अंग वळवताना, हात वर करताना किंवा शिंकताना चमक निघते, स्वस्थ बसले की बरे वाटते. ताप नसतो, धाप नसते.

दुसरे दुखणे बरगडी आणि छातीचे मधले हाड यांना जोडणाऱ्या कूर्चेला सूज येण्याचे. हे छातीच्या पुढच्या भागात, बहुधा एका बाजूला असते. सांध्यावर बोट ठेवून दाबले की माणूस कळवळतो. हे त्रासदायक असले तरी धोक्याचे नसते आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरते. मात्र हे छातीच्या पुढे दुखत असल्याने ते हृदयाचे नाही ना याची खात्री डॉक्टरकडूनच करून घ्यावी.

अशा दुखण्यावर घरी काय करावे? ओझे उचलणे व जोराचे कुदळकाम काही दिवस बंद ठेवावे, पण अंथरुणाला खिळून राहू नये. चालणे-फिरणे चालू ठेवावे. पहिले एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी १५-२० मिनिटे ठेवावी. त्यानंतर गरम पाण्याच्या पिशवीचा सोसवेल इतका शेक घ्यावा. फारच दुखल्यास मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी सहा-सहा तासांच्या अंतराने घ्यावी. यकृताचा आजार असलेल्याने किंवा रोज दारू पिणाऱ्याने तीही विचारल्याशिवाय घेऊ नये. दुकानातून पुडीत बांधून मिळणाऱ्या दोन-तीन रंगांच्या गोळ्या एकत्र घेण्याची सवय वाईट आहे. त्यांतील जोरकस वेदनाशामक गोळ्यांनी जठराला व्रण पडतो आणि मूत्रपिंडे बिघडतात, विशेषतः उन्हात घाम गाळून कमी पाणी पिणाऱ्या माणसाची.

बिब्बा घालणे आणि तापलेल्या सळईने डाग देणे हे उपाय अजून काही ठिकाणी चालतात. त्यांनी कातडी भाजते, जखम चिघळते, आणि आतला आजार मात्र तसाच राहतो. ते करू नयेत. तेल चोळण्याने स्नायूला आराम पडतो हे खरे, पण पडून मार लागला असेल तर जोराने चोळणे वा पायाने तुडवून घेणे धोक्याचे आहे. बरगडी मोडलेली असल्यास तिचे टोक फुप्फुसात घुसू शकते.

३. मार लागला असता

काजूच्या किंवा फणसाच्या झाडावरून पडणे, गवताच्या गंजीवरून घसरणे, बैलाची लाथ वा शिंग लागणे, पॉवर टिलरचा दांडा छातीत बसणे, दुचाकीवरून पडणे, ही आपल्याकडची बरगडी मोडण्याची नेहमीची कारणे. म्हाताऱ्या माणसाची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यांची बरगडी नुसत्या जोराच्या खोकल्यानेही तडकते.

साधी तडकलेली बरगडी आपोआप सांधते. हाड जुळायला सुमारे ६ आठवडे लागतात, जड ओझ्यासाठी त्याहून थोडे अधिक थांबावे. पूर्वी छातीभोवती पट्टा घट्ट आवळून बांधीत. आता डॉक्टर तसे करीत नाहीत. आवळल्याने श्वास वरवरचा होतो, कफ खाली साचतो आणि न्यूमोनिया होतो. तेव्हा लुगड्याची पट्टी काढून छाती बांधू नका. उलट दुखणे गोळीने आटोक्यात ठेवून जागेपणी दर तासाला सावकाश दहा वेळा खोल श्वास घ्यावा. खोकला आला तर दुखऱ्या जागी उशी धरून खोकावे, खोकला दाबू नये. बिडी-सिगारेट पूर्ण बंद ठेवावी.

क्ष-किरण फोटोत तडा दिसला नाही म्हणजे बरगडी मोडली नाही असे समजू नये. ताजा बारीक तडा फोटोत पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टर फोटो काढतात तो मुख्यतः फुप्फुसाला इजा झाली आहे का, छातीत हवा किंवा रक्त साचले आहे का हे पाहण्यासाठी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डावीकडच्या खालच्या बरगड्यांना, म्हणजे नवव्या ते अकराव्या बरगडीच्या जागी, जोराचा मार लागला तर आतली पांथरी फाटू शकते. उजवीकडे तसाच मार लागला तर यकृत फाटू शकते. हा रक्तस्राव बाहेर दिसत नाही. कधी तो पडल्याबरोबर होतो, कधी काही तासांनी, आणि कधी काही दिवसांनी. समजा, एखादा गडी सकाळी झाडावरून डाव्या कुशीवर पडला. उठून बसला, पाणी प्याला, “काही झालं नाही” म्हणाला. संध्याकाळी त्याला चक्कर येऊ लागली, अंगाला गार घाम सुटला, चेहरा पांढरा पडला, पोट दुखू लागले आणि डावा खांदा दुखू लागला, जरी खांद्याला मार लागलेला नव्हता. ही पांथरी फाटल्याची खूण आहे. तेथे सकाळपर्यंत वाट पाहणे म्हणजे माणूस गमावणे. उंचीवरून पडलेला किंवा जनावराने मारलेला माणूस चालता-बोलता असला तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावा, आणि पुढचे काही दिवस घरच्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवावे.

मार लागल्यानंतर धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे, किंवा श्वास घेताना छातीचा एक तुकडा बाहेर येण्याऐवजी आत जाणे, यांपैकी काहीही दिसले तर एक क्षणही घालवू नये.

४. नागीण आणि विळख्याची भीती

चार-पाच दिवस बरगडीत एका बाजूला आग होते, कापड लागले तरी सहन होत नाही, वर मात्र काही दिसत नाही. मग त्याच पट्ट्यात लाल चट्टा उठतो आणि त्यावर पाण्याने भरलेल्या पुटकुळ्या येतात. ही नागीण होय. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षे झोपलेला असतो. वय वाढले, मधुमेह झाला किंवा अंगातली ताकद कमी झाली की तो जागा होऊन त्या एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो.

नागिणीने पाठीपासून पोटापर्यंत वेढा पुरा केला की माणूस दगावतो, असा समज घरोघरी आहे. त्या भीतीने लोक मंत्र घालणाऱ्याकडे, लेप लावणाऱ्याकडे धाव घेतात. खरी गोष्ट अशी की मज्जातंतू शरीराच्या मध्यरेषेपर्यंतच जातो. त्यामुळे पुरळ बहुधा एकाच बाजूला राहते, आणि विळख्याचा व मृत्यूचा काही संबंध नाही. लेपाने बरे झाले असे वाटते, कारण पुरळ दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकते. पण म्हाताऱ्या माणसाला पुरळ गेल्यावरही महिनोन्महिने कळा येत राहतात, ही तिची खरी शिक्षा. विषाणूवरचे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर आजार लवकर आटोक्यात येतो. म्हणून मांत्रिकाकडे घालवलेले तीन दिवस फार महाग पडतात. पुटकुळ्या सुकेपर्यंत त्या झाकून ठेवाव्या आणि गरोदर बाई व तान्हे मूल यांना दूर ठेवावे, कारण ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत त्यांना त्या पाण्यातून कांजिण्या येऊ शकतात. पन्नाशीनंतरच्या लोकांसाठी नागिणीवर लसही आता मिळते. ती महाग आहे, तरी मधुमेही वृद्धांनी डॉक्टरला विचारून पाहावे.

५. भिंतीआड : फुप्फुसाचे दुखणे

फुप्फुसाला स्वतःला वेदना कळत नाही. त्याच्याभोवती जे पातळ दुहेरी आवरण आहे, त्याचा बाहेरचा थर मात्र दुखतो. त्याला सूज आली की खोल श्वास घेताना किंवा खोकताना सुरी फिरावी तशी कळ येते आणि माणूस अर्धाच श्वास घेतो. कळ, ताप, थंडी, खोकला आणि धाप ही सारी एकत्र आली तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

लहान मुलांच्या बाबतीत विशेष जपावे. आपल्याकडे ज्याला डबा म्हणतात तो हाच न्यूमोनिया. मूल बरगडी दुखते असे सांगू शकत नाही. ते शांत असताना त्याचा सदरा वर करून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले तर ते जलद समजावेत व मुलाला लगेच दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध पीत नसेल किंवा गुंगीत असेल तर सरळ मोठा दवाखाना गाठावा. पोटावर डाग देण्याची क्रूर चाल कोणी सुचवली तर ठामपणे नाही म्हणावे.

क्षयरोगाचीही सुरुवात कधी कधी बरगडीच्या दुखण्याने होते, कारण त्या आवरणात पाणी साचते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, भूक मंदावणे, थुंकीत रक्त, यांपैकी काही असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. तपासणी व औषध दोन्ही फुकट आहेत. साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि लोक गोळ्या सोडतात. तेथेच घात होतो, कारण उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. उपचार चालू असेतो पोषणासाठी सरकार रुग्णाच्या खात्यात पैसेही जमा करते. ही योजना २०१८ साली महिना ५०० रुपयांनी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. क्षय ही लाज नव्हे. मुलीच्या लग्नाची बोलणी मोडतील म्हणून आजार लपवणारी घरे मी पाहिली आहेत. लपवल्याने तो आजार घरातल्या दुसऱ्यांना जडतो.

आणखी एक कारण असे : पाय मोडून, शस्त्रक्रिया होऊन किंवा बाळंतपणानंतर बरेच दिवस पडून असलेल्या माणसाच्या पोटरीत रक्ताची गुठळी होते आणि ती वाहत जाऊन फुप्फुसात अडकते. एका पायाला सूज व दुखणे आणि मग अचानक बरगडीत कळ व धाप, असा क्रम दिसला तर तो जिवाचा धोका आहे.

६. हृदय : “गॅस झाला” म्हणू नये

हृदयविकाराची कळ बोटाने दाखवता येत नाही. माणूस बहुधा सारा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवतो. छातीवर पोते ठेवल्यासारखे दडपण, आवळल्यासारखे वाटणे, तेथून डाव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ जाणे, गार घाम, मळमळ, धाप ही तिची लक्षणे. अंग वळवल्याने किंवा दाबल्याने ती फारशी बदलत नाही. मधुमेह्यांना, वृद्धांना आणि स्त्रियांना कधी कधी छातीत कळ न येता नुसता थकवा, धाप, पाठीत वा बरगडीत अवघडल्यासारखे वाटणे एवढेच होते. चढणीला गेले की छाती भरून येते आणि थांबले की बरे वाटते, असे पुन्हा पुन्हा होत असेल तर तीही हृदयाची आगाऊ सूचना होय.

अशा वेळी सोडा, ओवा, लिंबूसरबत यांवर तास-दीड तास जातो. तोच वेळ मोलाचा असतो. हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की स्नायू मरू लागतो. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांत दिले तर सर्वांत अधिक उपयोग होतो. तेव्हा माणसाला बसवावे, चालवू नये, स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ देऊ नये, आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. ॲस्पिरिनची गोळी फोनवरील माणसाने किंवा डॉक्टरने सांगितली तरच चावून घ्यावी. ईसीजीची सोय जेथे आहे अशाच दवाखान्यात जावे. पहिला ईसीजी ठीक आला तरी डॉक्टर थांबायला सांगतील तर थांबावे, कारण पहिल्या आलेखात झटका कधी कधी दिसत नाही.

पुष्कळदा आजाऱ्याच्या घरून मला बोलावणे येते ते डॉक्टरला बोलावण्याआधी. फादरांनी डोक्यावर हात ठेवावा ही श्रद्धा चांगली आहे, आणि मी येईनच. पण गाडी आधी दवाखान्याकडे वळवा, मी तेथे येऊन भेटेन. देवाने दिलेल्या डॉक्टरच्या हातांना वेळ मिळू देणे हीही श्रद्धाच आहे.

७. पोटातून येणारे दुखणे

उजव्या खालच्या बरगडीआड, विशेषतः लग्नाचे किंवा सणाचे तेलकट जेवण झाल्यावर काही वेळाने कळ येऊन ती उजव्या खवाट्यापर्यंत जात असेल, तर पित्ताशयातील खड्यांची शंका घ्यावी. सोनोग्राफीत ते दिसतात. कळ थांबेना, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले तर तातडी समजावी.

त्याच जागी जड दुखणे, थंडीताप, भूक नाहीशी होणे आणि उजवा खांदा दुखणे हे यकृतात पू झाल्याचे लक्षण असू शकते. गढूळ पाण्यातून येणाऱ्या आमांशाच्या जंतूंनी तो होतो, आणि गावठी दारू पिणाऱ्या पुरुषांत अधिक आढळतो. वेळेवर औषध मिळाले तर तो पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर पू छातीत किंवा पोटात फुटतो.

मागे शेवटच्या बरगडीखालून निघून जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ मूतखड्याची असते. उन्हात काम करताना पाणी कमी पिणाऱ्यांना हा त्रास होतो. कळीसोबत ताप असेल किंवा लघवी बंद झाली असेल तर थांबू नये.

गरोदर बाईचे गर्भाशय वाढल्याने शेवटच्या महिन्यांत बरगड्या ताणून दुखतात, ते साधे आहे. परंतु पाचव्या महिन्यानंतर उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे, सोबत डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर-हातांवर सूज असेल तर रक्तदाब वाढल्याची ती धोक्याची खूण आहे. आई व बाळ दोघांच्या जिवासाठी त्याच घटकेला इस्पितळ गाठावे.

८. डॉक्टरपुढे काय सांगावे

१७६१ साली व्हिएन्नाच्या ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरने छातीवर बोटांनी ठोकून आवाजावरून आतला आजार ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच्या वडिलांची खाणावळ होती, आणि पिंपात द्राक्षासव किती उरले हे ते पिंप ठोकून पाहत, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. आपणही कणगी ठोकून धान्य किती आहे ते ताडतो. भरलेल्या जागेचा आवाज बद्द येतो, पोकळ जागेचा घुमतो. पुढे १८१६ साली लेनेक याने छाती ऐकण्याची नळी काढली, १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. साधने वाढली, पण रोग्याने नीट सांगितलेली हकीकत अजूनही पहिले साधन आहे.

तेव्हा पुढील सहा गोष्टी आठवून जाव्यात : दुखणे केव्हा व काय करीत असताना सुरू झाले, नेमके कोठे आहे व कोठे पसरते, श्वासाने, हालचालीने, जेवणाने किंवा चढणीने ते वाढते का, सोबत ताप, खोकला, धाप, वजन घटणे आहे का, मार लागला होता का, आणि मधुमेह, रक्तदाब, दारू, तंबाखू, चालू गोळ्या यांची खरी माहिती. दारूविषयी डॉक्टरपुढे लाजू नये.

९. भिंतीवर लावण्यासाठी

ताबडतोब इस्पितळ (१०८) : छातीवर दडपण व गार घाम, धाप लागणे, ओठ निळे पडणे, खोकल्यातून रक्त, मार लागल्यावर चक्कर, पांढरा चेहरा, पोट किंवा खांदा दुखणे, शुद्ध हरपणे, मुलाचा जलद श्वास व बरगड्यांखालचा भाग आत जाणे, गरोदर बाईला वर सांगितलेल्या खुणा.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर : कळीसोबत ताप, डोळे पिवळे होणे, एका बाजूला पुटकुळ्या, उंचीवरून पडणे किंवा जनावराचा मार, जरी बरे वाटत असले तरी, चढणीला छाती भरून येणे.

या आठवड्यात डॉक्टर : दोन आठवड्यांनंतरही न थांबणारे दुखणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, घटणारे वजन, बरगडीवर गाठ, पूर्वी कर्करोग झालेल्या माणसाला नव्याने हाड दुखणे.

घरी थांबण्याजोगे : ओझ्यानंतर आलेली, बोटाने दाखवता येणारी, हालचालीने वाढणारी व विश्रांतीने कमी होणारी चमक, ताप व धाप नसताना, रोज थोडी थोडी उतरत असेल तर.

एक सावधगिरी : दाबल्यावर दुखते म्हणजे नक्की स्नायूच, असे धरून बसू नये. ती खूण उपयोगाची आहे, पण पुरावा नव्हे. शंका असेल तर तपासून घ्यावे.

कापणी दोन दिवस उशिरा झाली तर काही दाणे गळतील. शेजाऱ्यांनी हात लावला तर तेही वाचतील. घरचा कर्ता माणूस गेला तर ते शेत कोण करणार, याचा विचार प्रत्येक घराने सुगीच्या आधीच करून ठेवावा.

घरी उजळणीसाठी प्रश्न

१. बरगडी मोडल्यावर छाती घट्ट का बांधू नये?
२. डाव्या कुशीवर पडलेल्या माणसाचा डावा खांदा दुखू लागला तर काय समजावे?
३. नागिणीवरचे औषध किती तासांच्या आत सुरू झाले पाहिजे?
४. आठ महिन्यांच्या बाळाचे मिनिटाला किती श्वास भरले तर ते जलद समजावेत?
५. आपल्या घरापासून ईसीजीची सोय असलेला सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, आणि रात्री तेथे नेण्यासाठी गाडी कोणाची मिळेल?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर या पाठात नाही. ते आज संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे आणि दाराजवळ लिहून लावावे.